संकेतस्थळ : लहान पेढीची दुसरी पाटी

सौंसरसारख्या गावी दुकान मांडून बसलेल्या व्यापाऱ्यास गिऱ्हाइकाची जितकी पारख असते, तितकी मोठ्या शहरातील व्यापाऱ्यास क्वचितच असते. कोणत्या घरी येत्या वैशाखात लग्न आहे, कोणाच्या बागेत यंदा आंबिया बहार चांगला धरला आहे, कोणाची उधारी संत्री उतरल्यावर फिटेल, हे सर्व त्यास तोंडपाठ असते. असे असूनही गेल्या काही वर्षांत एक गोष्ट त्याच्या नजरेआड घडू लागली आहे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच आपला निम्मा निर्णय घरी बसून करू लागले आहे. पूर्वी भांडी घ्यावयाची असोत की विहिरीवरील पंप दुरुस्त करावयाचा असो, मनुष्य बाजारात येई आणि चार दुकाने फिरून विचारपूस करी. आता तो प्रथम खिशातील मोबाइलला विचारतो. मोबाइलने नागपूरचे नाव सांगितले की तो नागपूरची वाट धरतो, आणि इकडे त्याच मालाने भरलेले आपले कपाट उघडण्याचा प्रसंगच येत नाही. रुसून गेलेले गिऱ्हाईक आपणांस दिसते. मुळात न आलेले गिऱ्हाईक दिसत नाही. या नुकसानीची नोंद कोणत्याच वहीत होत नसल्यामुळे ते कित्येकांना नुकसान वाटतच नाही.

यावर उपाय म्हणून संकेतस्थळाचा विचार अलीकडे आपल्या मंडळींत होऊ लागला आहे. परंतु संकेतस्थळ म्हणजे काहीतरी मोठ्या कंपन्यांनी करावयाचे प्रकरण, किंवा एकदा तयार करून दिले की आपोआप माल खपविणारे यंत्र, अशा दोन टोकांच्या समजुती ऐकू येतात. दोन्ही चुकीच्या आहेत. जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत सुरू झाले. आपल्या देशात सर्वसाधारण जनतेस इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे ही वस्तू आता नवलाईची राहिलेली नाही. लहान पेढीच्या दृष्टीने पाहता संकेतस्थळ ही दुकानाची दुसरी पाटी होय. पहिली पाटी रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसते, दुसरी घरी बसलेल्यास. भेद इतकाच की या दुसऱ्या पाटीस गुमास्त्याप्रमाणे प्रश्नांची उत्तरेही द्यावी लागतात.

ही पाटी कोणासाठी लावावयाची, हे आधी ठरविले पाहिजे. सौंसरच्या दुकानदाराने कलकत्त्याच्या किंवा कोचीनच्या गिऱ्हाइकाची स्वप्ने पाहण्याचे कारण नाही. त्याचे पहिले गिऱ्हाईक रामाकोना, लोधीखेडा, बोरगाव आणि आसपासच्या खेड्यांतील. दुसरे रस्त्याचे. नागपूर-छिंदवाडा मार्गावरून रोज शेकडो वाहने जातात. जामसावळीच्या हनुमानाच्या दर्शनास मंगळवारी-शनिवारी विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून माणसे येतात. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात बाहेरगावचे कामगार व अधिकारी राहतात, ज्यांना गावातील एकही गल्ली ठाऊक नसते. या दुसऱ्या वर्गास कोणी सांगणारे नसते, म्हणून त्याचा सर्व भरवसा मोबाइलवर असतो. तिसरे गिऱ्हाईक म्हणजे येथून नोकरीधंद्यानिमित्त नागपूर, पुणे, भोपाळ येथे गेलेली आपलीच कुटुंबे. लग्नाचा बस्ता किंवा आईवडिलांच्या घरचा शीतकपाट त्यांना येथूनच घ्यावासा वाटतो. मात्र दुरून चौकशी करण्याची सोय हवी असते.

आता ही माणसे आपणांस शोधू लागली की पहिली अडचण येते ती गावाच्या नावाचीच. देवनागरीत 'सौंसर' लिहिण्यास कसलीही अडचण नाही, पण रोमन लिपीत याच नावाची तीन-चार रूपे चालतात. कोणी मध्ये 'एन' हे अक्षर घालतो, कोणी गाळतो, कोणी 'ए-यू' ऐवजी 'ओ' लिहितो. त्यात भर म्हणजे याच रस्त्यावर, नागपूर जिल्ह्यात, सावनेर हे दुसरे मोठे बाजाराचे गाव आहे आणि घाईने रोमन अक्षरे टंकणाऱ्याच्या हातून एकाचे दुसरे सहज होते. म्हणून संकेतस्थळावर गावाचे नाव देवनागरीत ठळकपणे द्यावे, आणि पत्त्याच्या वाक्यात रोमन लिपीतील प्रचलित रूपेही एकेकदा यावीत. दुसरी गोष्ट जिल्ह्याची. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. तथापि कित्येक दुकानांच्या पाट्यांवर, बिलांवर व जुन्या नोंदींवर अजून 'जिल्हा छिंदवाडा' असेच आहे. एके ठिकाणी छिंदवाडा, दुसरीकडे पांढुर्णा, एके ठिकाणी जुना दूरध्वनी क्रमांक, दुसरीकडे नवा, असा प्रकार असला की शोधयंत्रास ही एकच पेढी की दोन, हा संशय पडतो. आणि गिऱ्हाइकासही पडतो. 'जिल्हा पांढुर्णा (पूर्वीचा छिंदवाडा)' असे एकदाच स्वच्छ लिहून तोच पत्ता, तेच नाव आणि तोच क्रमांक सर्वत्र ठेवावा. हे काम फुकट आहे, एका दुपारचे आहे, आणि अनुभव असा की तेच सर्वांत शेवटी केले जाते.

येथे शोधयंत्राची रीत थोडी समजून घेणे अवश्य आहे. 'जवळचे भांड्यांचे दुकान' असे कोणी विचारले तर गूगल स्थानिक दुकानांचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवरून लावते, असे त्या कंपनीनेच जाहीर केले आहे : विचारलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध किती, ते विचारणाऱ्यापासून किती अंतरावर, आणि त्याची प्रसिद्धी किती. पैसे भरून हा क्रम वर नेता येत नाही, हेही त्याच कंपनीचे म्हणणे आहे. जाहिरातीची जागा वेगळी व तिच्यावर तसे लिहिलेले असते. तेव्हा 'तुमचे दुकान पहिल्या क्रमांकावर आणून देतो, इतके हजार द्या' असे दूरध्वनीवरून सांगणाऱ्यास दारातूनच नमस्कार करावा. या तीन गोष्टींपैकी अंतर आपल्या हाती नाही. किंबहुना अंतर हे लहान गावच्या दुकानाचे भांडवलच आहे, कारण लोधीखेड्याच्या माणसास सौंसर जवळ आहे आणि नागपूर दूर. नागपूरची कितीही मोठी पेढी ते भांडवल हिरावून घेऊ शकत नाही. राहता राहिला संबंध. तो संकेतस्थळावरील मजकुरावरून ठरतो, आणि सर्वांत अधिक ढिलाई तेथेच आढळते.

आपल्याकडील बहुतेक संकेतस्थळांवर 'उत्कृष्ट दर्जा, माफक दर, तत्पर सेवा' अशी वाक्ये असतात. ती खोटी असतात असे नाही. पण तीच वाक्ये औषधाच्या दुकानास, लोखंडाच्या वखारीस आणि मिठाईवाल्यास सारखीच लागू पडतात, म्हणून त्यांतून कोणासही काही कळत नाही. गिऱ्हाइकाचे प्रश्न फार साधे असतात. आज दुकान उघडे आहे काय? दुपारी बंद असते काय? अमुक अश्वशक्तीचा पंप शिल्लक आहे काय? दुरुस्तीस किती दिवस लागतील? मालमोटार घरापर्यंत येईल काय? गाडी उभी करण्यास जागा आहे काय? गादीवर बसून आपण दिवसातून दहा वेळा जी उत्तरे तोंडी देतो, ती आठ दिवस एका कागदावर टिपून ठेवावीत. तो कागद हाच आपल्या संकेतस्थळाचा मजकूर. त्यासाठी लेखक बोलावण्याची गरज नाही.

याहून पुढची पायरी एका उदाहरणाने दाखवितो. आपल्या भागातील कृषी सेवा केंद्रांचे मुख्य गिऱ्हाईक संत्रा बागाईतदार. संत्र्याच्या झाडास डिंक्या रोग लागतो. खोडाची साल फाटून डिंक वाहू लागतो आणि वेळीच उपाय न झाल्यास झाड वाळते. पावसाळ्यापूर्वी व पावसाळा संपल्यावर खोडास बोर्डो मलम लावणे हा त्यावरील प्रतिबंधक उपाय होय. मोरचूद १ किलो, चुना १ किलो आणि पाणी १० लिटर हे त्याचे प्रमाण. मोरचूद व चुना निरनिराळ्या भांड्यांत भिजवावे, भांडी लोखंडाची नसावीत, मग दोन्ही एकत्र करून जमिनीपासून सुमारे मीटरभर उंचीपर्यंत खोडास लावावे. हे ज्ञान गुप्त नाही. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था ते वर्षानुवर्षे सांगत आली आहे. पण मे महिन्यात एखादा बागाईतदार मोबाइलवर 'संत्रा डिंक्या उपाय' असे शोधतो, तेव्हा त्यास सौंसरच्याच एखाद्या केंद्राच्या पानावर ही माहिती, छायाचित्रांसह, साध्या मराठीत मिळाली आणि खाली 'मोरचूद व कळीचा चुना आमच्याकडे मिळेल. दुकान सकाळी ९ ते रात्री ८' अशी ओळ असली, तर तो माल कोठे घेईल हे सांगावयास नको. त्याने माल घेतला नाही तरी झाडे वाचली की तो आपले नाव विसरत नाही. कापडवाल्याने नऊवारीस कापड किती लागते ते लिहावे, भांडेवाल्याने पन्नास पानांच्या पंगतीस कोणकोणती भांडी लागतात ती यादी द्यावी, सराफाने हॉलमार्क कसा ओळखावा ते सांगावे. अशी पाच पाने 'आमच्याविषयी' या मथळ्याखालील पन्नास ओळींहून अधिक काम करतात.

मजकूर कोणत्या भाषेत असावा? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. कचेरीची भाषा हिंदी आणि घरची मराठी अशी आपली रीत तेव्हापासून पडून गेली आहे. गिऱ्हाईकही दोन्ही भाषांत शोधते. म्हणून मराठी व हिंदी अशी दोन स्वतंत्र पाने करावीत, आणि एकाच वाक्यात दोहोंची खिचडी करू नये. इंग्रजी शेवटी, पत्त्यापुरती असली तरी चालेल. या संदर्भात एक तांत्रिक बाब आपल्या छापखान्यांमुळे वारंवार आडवी येते. लग्नपत्रिका व हस्तपत्रके जुळविणाऱ्यांकडे अजून जुन्या पद्धतीचे टंक असतात. त्यांत टंकलेला मजकूर कागदावर सुरेख उमटतो, पण संकेतस्थळावर चिकटविला की त्याची अर्थहीन रोमन अक्षरे होतात. मग कारागीर त्या हस्तपत्रकाचे चित्रच उचलून पानावर लावतो. डोळ्यांस ते बरे दिसते, परंतु चित्रातील अक्षरांवर शोधयंत्राची भिस्त ठेवता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेलाच हवा, ही अट काम देतानाच घालावी. तसेच पान हलके असावे. मोठमोठी फिरती चित्रे दाखविणारे पान खेड्यातील मंद जोडणीवर उघडेपर्यंत माणूस दुसऱ्या दुकानाकडे वळलेला असतो.

छायाचित्रे मात्र आपल्याच दुकानाची, आपल्याच मालाची असावीत. कंपनीच्या पुस्तिकेतील साडीचे चित्र दाखवून दुसऱ्याच पोताची साडी हाती देणे हा व्यवहार नव्या यंत्रावर झाला म्हणून नवा ठरत नाही. खोटी वजनेमापे आणि अस्सलाच्या जागी नक्कल देणे, ज्यास 'प्रतिरूपक व्यवहार' म्हटले आहे, यांची गणना आपल्या परंपरेत अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांतच केलेली आहे. गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांचेही तसेच. चुलत्या-पुतण्यांकडून पाच तारे लावून घेण्याची चाल पडली आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा अभिप्रायांविषयी 'आय एस १९००० : २०२२' हे मानक काढले, त्यावरून या खोटेपणाचा उपद्रव किती वाढला असेल ते लक्षात यावे. प्रतिकूल अभिप्राय आला तर रागावू नये. चूक झाली असल्यास चार ओळींत कबूल करून वस्तू बदलून दिल्याचे लिहावे. नवखा वाचक तारे मोजतो खरा, पण दुकानदाराचे उत्तर त्याहून लक्षपूर्वक वाचतो.

यापुढील गोष्ट मालकीची आहे आणि व्यापाऱ्यास ती अधिक समजावून सांगण्याची गरज पडू नये. गूगलने लहान दुकानदारांस आपल्या 'बिझनेस प्रोफाइल'बरोबर एक तयार संकेतस्थळ विनामूल्य देऊ केले होते; त्याच्या पत्त्याच्या शेवटी 'बिझनेस डॉट साइट' असे येई. देशभर असंख्य दुकानांनी ते घेतले, बिलांवर व पाट्यांवर तो पत्ता छापला. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ही सोय बंद केली. काही महिने त्या पत्त्यावरून माणूस दुकानाच्या नोंदीकडे वळविला जाई. जूनमध्ये तेही थांबले. कंपनीने पूर्वसूचना दिली होती आणि वस्तू फुकटची होती, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार? भाड्याच्याही नव्हे, उसन्या जागेत पेढी मांडल्याचा हा परिणाम होय. म्हणून नकाशावरील नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरील मालाची यादी, निरनिराळ्या व्यापारी सूच्या यांचा उपयोग अवश्य करावा, परंतु पाटीवर छापावयाचा पत्ता स्वतःच्या नावे नोंदविलेला असावा. 'डॉट इन' हा पत्ता वार्षिक अल्प शुल्कात मिळतो. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असाही घेता येतो. येथे सावधगिरी अशी की पत्त्याची नोंदणी दुकानदाराच्या नावे, दुकानदाराच्याच ईमेलवर व दूरध्वनीवर व्हावी. संकेतस्थळ तयार करून देणारे कित्येक कारागीर ती आपल्या नावे करून ठेवतात. पुढे वाद झाला, किंवा तो तरुण नोकरीसाठी बंगळूरला गेला, की दुकानदाराच्या स्वतःच्या नावाचे कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने उघडू लागते. घराच्या खरेदीखतावर गवंड्याचे नाव आपण घालत नाही.

दूरच्या गिऱ्हाइकास माल पाठविण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी कोकणातील देवगडचे उदाहरण पाहावे. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था हापूस आंबा आपल्या संकेतस्थळावरून थेट विकते. पण बाजारात देवगडच्या नावाने भलताच आंबा येऊ लागला, तेव्हा केवळ 'अस्सल देवगड' असे लिहून भागेना. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले होते, आणि २०२५ च्या हंगामापासून संस्थेने फळागणिक निराळा क्रमांक असलेली चिकटपट्टी लावण्याचे ठरविले, जेणेकरून गिऱ्हाइकास तो क्रमांक पडताळून पाहता यावा. नागपुरी संत्र्यासही २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सौंसर-पांढुर्ण्याच्या बागांतील फळ मात्र बहुधा अडतीतून दूरच्या बाजारपेठेत जाते आणि तेथे त्याच्यावर आपल्या गावाचे नाव उरत नाही. येथील एखाद्या व्यापाऱ्याने दहा किलोच्या पेट्या घरपोच देण्याचे मनात आणले, तर बाग कोणत्या गावची, तोडणी कोणत्या तारखेची, बहार आंबिया की मृग, एवढे पेटीवर व संकेतस्थळावर लिहिले तरी पुण्या-भोपाळच्या गिऱ्हाइकास ती नवीन गोष्ट वाटेल. हंगाम संपला की 'यंदाची संत्री संपली. मृग बहार फेब्रुवारीत' अशी सूचना त्याच दिवशी लावावी. माल नसताना मागणी घेण्याइतकी घातक जाहिरात दुसरी नाही.

मात्र सीमेवरील व्यापाऱ्याने संकेतस्थळावर 'मागणी नोंदवा' ही कळ लावण्यापूर्वी एकदा आपल्या हिशेबनिसाकडे जावे, हे मी आग्रहाने लिहितो. सौंसरहून नागपूर दीड तासाच्या वाटेवर असले तरी ते दुसऱ्या राज्यात आहे. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यानुसार करपात्र मालाचा आंतरराज्य पुरवठा करणाऱ्यास, उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी करावीच लागते. त्यास अपवाद आहेत ते काही ठरावीक हस्तकला-वस्तूंसारखे मोजके. याहून महत्त्वाचे असे की आपल्यापैकी अनेकजण दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेत आहेत. त्या योजनेतील व्यापाऱ्यास परराज्यात माल विकता येत नाही. नागपूरच्या एका गिऱ्हाइकास पाठविलेले साड्यांचे एक पार्सल त्या सवलतीवर गंडांतर आणू शकते. छिंदवाड्यास पाठविलेल्या तशाच पार्सलास ही बाधा नाही. ताजी फळे करमुक्त असल्याने केवळ तीच विकणाऱ्यास या नोंदणीची सक्ती नाही, पण खाद्यपदार्थ म्हणून अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी त्यास लागते. शिवाय ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे संकेतस्थळावरून विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता व तक्रारनिवारण करणाऱ्या व्यक्तीचे नाव तेथे द्यावयाचे असते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावयाचे असते. एकट्याने दुकान चालविणाऱ्यास हा भार पेलत नसेल तर मागणीची कळ न लावणेच इष्ट. माहिती व दूरध्वनी एवढेच ठेवून गिऱ्हाइकास दुकानी बोलावणारे संकेतस्थळ हेही पूर्ण संकेतस्थळच होय, आणि माझ्या मते आपल्या गावातील दहांपैकी आठ दुकानांस तेच पुरेसे आहे.

राहिला खर्चाचा प्रश्न. पत्त्याचे वार्षिक शुल्क, जागेचे भाडे आणि एकदाची घडणावळ हा खर्च रोजकीर्दीत वेगळ्या खात्यावर टाकावा. त्याच्या समोर जमेची बाजू कशी मांडावी? त्यास यंत्र नको. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास बिल करताना 'आमचे नाव कोठून कळले?' असे विचारून गल्ल्याजवळच्या वहीत एक खूण करावी : ओळखीने, पाटी पाहून, किंवा मोबाइलवरून. दिवाळीच्या वहीपूजनापासून पुढच्या दिवाळीपर्यंत हा क्रम चालविला तर एकूण किती माणसे आली आणि त्यांनी किती रुपयांचा माल नेला, याचा आकडा हाती येतो. घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलीकडे मजकूर ताजा ठेवण्याचे काम सोपवावे. सणाची सुटी, बदललेली वेळ, नवा आलेला माल एवढेच आठवड्यातून एकदा पाहावयाचे असते. वर्षाअखेर वहीतील खुणा अगदीच थोड्या निघाल्या, तर संकेतस्थळ काढून टाकण्यापूर्वी त्यावरील दूरध्वनी क्रमांक चालू आहे ना, एवढे तरी स्वतः लावून पाहावे.